एकोणीसपैकी दोन

वाफबाईने पासवर्ड तिसऱ्यांदा घातला, मोबाइलवर आलेल्या ओटीपीचा एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकला आणि 'पुढे' दाबलं. पान क्षणभर पांढरंफटक पडलं आणि तिला पुन्हा दारातच आणून उभं केलं. तोच निळा चौकोन, तेच 'आपले स्वागत आहे, कृपया लॉगिन करा'. पासवर्ड चुकला म्हणावं तर तसंही कुठे लिहिलेलं नाही. चूक सांगायची नाही, आत घ्यायचं नाही, नुसतं गोड हसून परत पाठवायचं. अशी माणसं तिने हॉस्पिटलात ढिगाने पाहिली होती, पण त्यांना निदान खडसावता तरी येतं.

सव्वादोन वाजले होते. परीक्षा चारच्या आत सुरू करायची होती. चार वाजून एक मिनिट झालं की तिची आजची पाळी गेली, आणि पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं जिथे धुतली जातात, तपासली जातात, संच बांधून वाफेच्या यंत्रात घातली जातात, त्या खोलीत ती बावीस वर्षं काम करत होती. म्हणून ती वाफबाई. तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या यादीला माहीत होतं. मागच्या महिन्यात मेट्रनने भिंतीवर कागद चिकटवला: येत्या एक तारखेपासून त्या खोलीत प्रमाणपत्र असलेलीच माणसं राहतील, बाकीच्यांची रवानगी लाँड्रीत. चादरींच्या घड्या घालण्यात कमीपणा आहे असं वाफबाईचं मुळीच म्हणणं नव्हतं. पण चिमट्याचे दात जुळतात की नाही हे उजेडात न धरता नुसत्या बोटाने सांगणारी बाई त्या इमारतीत एकच होती, आणि तिने चादरी मोजत बसायचं, हे तिला काही केल्या पटेना. बरोबरीच्या दोघी 'आता या वयात कुठे परीक्षा' म्हणून हात झटकून मोकळ्या झाल्या. वाफबाईने मात्र चंग बांधला. तीन आठवडे स्वयंपाक करताना ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून तिने तापमानं आणि मिनिटं पाठ केली. वरणात एकदा मीठ पडलं नाही, एकदा दोनदा पडलं.

आणि आता अभ्यास तयार, डोकं तयार, आणि दाराशीच घोडं अडलेलं.

परीक्षा घरून द्यायची होती, कॅमेरा असलेल्या संगणकावर आणि त्यांनी नेमून दिलेल्या ब्राउझरमध्येच; नेमकं तेच ती रोज वापरायची. मोबाइलवर ती उघडत नव्हती. हॉस्पिटलातल्या संगणकांचे कॅमेरे कधीच बंद करून टाकले होते. वाफबाईने प्रवेशपत्रावरचा मदतकेंद्राचा नंबर फिरवला. बराच वेळ सनई वाजली, मग एक तरतरीत आवाज आला.

तिने झालं ते सांगितलं. पलीकडच्या माणसाने ते पुरतं ऐकायच्या आधीच निदान केलं.

"मॅडम, तुमचं ब्राउझर फार कडक करून ठेवलंय. प्रायव्हसीची सगळी सेटिंग बंद करा. सगळ्या कुकी चालू, सगळे ट्रॅकर चालू. दोन मिनिटांचं काम आहे."

"सगळे कशाला? तुमचे जेवढे लागतात तेवढे सांगा."

"तसं वेगळं काढून सांगता येत नाही हो. आमच्याकडे लिहिलंय, सगळे."

"कोणी लिहिलंय?"

"म्हणजे... लिहिलेलं आहे." तो जरा गडबडला. "आणि मॅडम, ओटीपी दिवसाला पाचच मिळतात. तुमचे तीन झालेत. पाच संपले की खातं चोवीस तास बंद. उगाच कशाला हट्ट करता? तुम्हाला लपवायचं तरी काय आहे?"

वाफबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

लपवायचं काय होतं? चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली. शाळेची बस चालवणारा धडधाकट माणूस, वर्षभरात हाडांचा सापळा झाला. त्या वर्षात ती याच टेबलाशी बसून शोधायची: काय खायला द्यावं, पायांना सूज का येते, असे रुग्ण किती दिवस काढतात. हा शेवटचा प्रश्न तिने नवऱ्याला विचारला नाही, डॉक्टरला विचारला नाही, सख्ख्या बहिणीलाही विचारला नाही. फक्त त्या खिडकीत टाइप केला आणि लगेच खोडला. पण खोडलेलं कुणीतरी टिपून ठेवलं होतं. हवामान बघायला गेली तरी कडेला मूत्रपिंडाचं औषध, बातमी वाचायला गेली तरी मूत्रपिंडाचं औषध. तो गेला, त्यानंतर चौथ्या दिवशी तिने पडद्यांचं कापड बघायला संगणक उघडला, तर बाजूला एक हसरं जोडपं आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'तुमच्या जोडीदारासाठी अजून उशीर झालेला नाही.' ती किंचाळली होती. शेजारीण धावत आली, तिला काय सांगावं हेही कळेना. ती जाहिरात पुढे पाच महिने पिच्छा पुरवत होती.

तेव्हापासून तिने ब्राउझरला असं काही कुलूपबंद केलं की मुंगी शिरायची सोय ठेवली नाही. बाहेरच्या कुकी बंद, ट्रॅकर बंद, जाहिराती बंद. त्यावर कळस म्हणून एक नियम तिने स्वतः शोधून लावला होता, आणि त्याचा तिला फार अभिमान होता: एका साइटवरून दुसरीकडे गेलं की पहिलीचा सगळा मागमूस त्याच क्षणी पुसायचा. तिच्या खोलीतही असंच चालायचं. वापरलेलं हत्यार टेबलावर टेकवायचंच नाही, थेट पाण्यात.

"माझ्या खिडक्यांना पडदे आहेत," ती फोनवर सावकाश म्हणाली. "आत मी काही चोऱ्या करत नाही. तरी आहेत."

"ते ठीक आहे मॅडम, पण परीक्षा..."

"परीक्षा मी देणार आहे. पडदे काढून नाही." आणि तिने फोन ठेवला.

ठेवला खरा, पण धाबं दणाणलं होतंच. पाणी प्यायली. पुन्हा घड्याळ बघितलं. अडीच. शेवटी तिने भाचीला फोन लावला. भाची लांबच्या शहरात एका शाळेत संगणक शिकवायची. हाताखाली चाळीस पोरं आणि तोंडात तोफखाना. सुदैवाने तिचा तास रिकामा होता.

"मावशी, मदतकेंद्रवाला सांगतो ते कर ना! सगळं उघड, परीक्षा दे, मग परत बंद कर. कुणी तुला खात नाही."

"खाल्लंय एकदा," वाफबाई म्हणाली.

काका गेले तेव्हा भाची आठवडाभर इथेच होती आणि पडद्यावरचं ते हसरं जोडपं तिनेही पाहिलं होतं.

"बरं," ती जरा नरमून म्हणाली. "मग निदान जाहिराती अडवणारं ते वेगळं टाकलंयस ना, तेवढं एक या साइटपुरतं बंद कर. कधीकधी तेच आडवं येतं."

एवढं मान्य करायला वाफबाईची हरकत नव्हती. तिने ते बंद केलं, चौथा ओटीपी मागवला, टाकला, 'पुढे' दाबलं. पान पांढरं. मग निळा चौकोन. आपले स्वागत आहे.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"स्वागत झालं," वाफबाई म्हणाली.

आता एकच ओटीपी उरला होता. तीन वाजायला आले होते. वाफबाईच्या तळहातांना घाम सुटला. खोलीतल्या मोठ्या यंत्राचा दाब एकदा भलताच वर गेला होता, तेव्हासुद्धा तिला घाम फुटला नव्हता. तेव्हा निदान कुठली चक्री फिरवायची ते ठाऊक होतं. भाची फोनवर 'हट्ट सोड, मावशी, बावीस वर्षांचा प्रश्न आहे' असं पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि तिचं अगदी खरं होतं. वाफबाईने सेटिंग उघडलं. 'सर्व संरक्षण बंद करा' हे बटण तिथे होतंच. तिने बाण त्याच्यावर नेला. बोट उचललं. आणि तसंच धरून ठेवलं.

"एक सांग," ती म्हणाली. "कुकी म्हणजे नक्की असतं काय? मी तीन वर्षं अडवतेय, पण ती करते काय ते मला कुणी सांगितलंच नाही. पोरांना सांगतेस तसं सांग."

"चिठ्ठी असते गं. तू लॉगिन केलंस की ती साइट तुझ्या ब्राउझरपाशी एक चिठ्ठी ठेवते. पुढच्या पानाला तू कोण हे कसं कळणार? ते चिठ्ठी बघतं. चिठ्ठी दिसली तर आत, नाहीतर परत दारात. ट्रॅकरवाले हीच युक्ती वाईट कामाला वापरतात. चिठ्ठी चिकटवतात आणि तू जाशील तिथे तिच्यावरून ओळखतात."

"आणि परीक्षेचं लॉगिन त्याच साइटवर होतं का?"

"थांब, वर पत्ता बघ. नाव घालतेस तेव्हा एक पत्ता असेल आणि नंतर दुसरा."

वाफबाईने चष्मा कपाळावरून खाली ओढला. खरंच. दार एका पत्त्यावर होतं आणि परीक्षेची खोली दुसऱ्या. एकीकडून दुसरीकडे जाताना पान जे पांढरं पडत होतं, त्याच क्षणी तिचा लाडका नियम पहिल्या पत्त्याचा मागमूस पुसून मोकळा होत होता.

तिने कपाळाला हात लावला. तिच्या खोलीतून संच निघतो तेव्हा त्याच्यावर लेबल असतं: तारीख, यंत्राचा नंबर, बांधणाऱ्याची सही. संच कितीही चकाचक असला तरी लेबल नसेल तर ऑपरेशन थिएटरची सिस्टर तो परत धाडते. घाण आहे असं म्हणत नाही, काही बिघडलंय असंही म्हणत नाही, नुसता परत. नवीन लागलेल्या मुलींना ती पहिल्याच दिवशी हे घोकून घ्यायला लावायची.

"अगं, मी लेबलसुद्धा धूत होते!" ती ओरडली.

"काय?"

"काही नाही. लेबल ठेवायचं. बाकी सगळं धुवायचं. ते कसं करतात ते सांग."

भाचीने सांगितलं. पत्त्याच्या पट्टीशेजारी ढालीचं चित्र असतं, ते दाबलं की या पानावर ब्राउझरने कोणाकोणाला अडवलं आणि पुसलं त्यांची यादी उघडते. त्यातल्या हव्या त्या नावापुढे खूण केली की तेवढ्यालाच परवानगी मिळते. "पण मावशी, त्यातलं लॉगिनचं कोणतं ते तुला कसं कळणार? नावं चित्रविचित्र असतात. मलासुद्धा सगळी कळत नाहीत."

यादी उघडली. एकोणीस नावं. वाफबाई ती बघून पहिल्यांदाच त्या दिवशी जरा सैलावली. यादी म्हटली की तिचा जीव थाऱ्यावर येतो. यादीशी हत्यारं ताडून बघण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. तिने प्रवेशपत्राचा कागद काढला. मागच्या बाजूला, तळाशी, मुंग्या बसाव्यात तशा अक्षरांत तीन ओळी होत्या. तिने टेबलाचा दिवा ओढून जवळ घेतला आणि पेन्सिल हातात धरली.

"काय करतेयस?"

"मागे लिहिलंय. 'ओळख पडताळणी सेवा', पुढे एक पत्ता. 'दूरस्थ देखरेख सेवा', पुढे दुसरा पत्ता."

"हे बारीक अक्षरातलं कोण वाचतं, मावशी?"

"मी वाचते. सव्वीस सुया गेल्या आणि पंचवीस आल्या तर उरलेली एक कुठे असते माहीत आहे? माणसाच्या पोटात असते."

वाफबाई एकेका नावावर पेन्सिलीचं टोक टेकवत खाली सरकली. पहिलं, नाही. दुसरं जाहिरातवाल्यांचं, नावातच लिहिलंय, नाही. तिसरं, नाही. सातवं कागदावरच्या पहिल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळलं. तिने ते दोनदा ताडून बघितलं आणि खूण केली. आठवं जवळजवळ तसंच होतं, फक्त मध्ये एक अक्षर जास्त. घाईत कुणीही फसलं असतं. "हा कोण उपटसुंभ?" असं पुटपुटत ती पुढे गेली. चौदावं दुसऱ्या पत्त्याशी जुळलं. खूण. एकोणिसाव्यापर्यंत ती तरीही गेली, कारण अर्धी यादी तपासून उठायची तिला सवय नव्हती.

एकोणीसपैकी दोन. बाकीच्या सतराजणांचं तिच्या परीक्षेत काय काम होतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

तीन वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

"मागवू?" तिने विचारलं. भाचीने श्वास रोखलेला तिला फोनवरसुद्धा कळला.

पाचवा ओटीपी आला. सहा आकडे. 'पुढे'. पान पांढरं पडलं, आणि पांढरंच राहिलं. मग हळूच वरच्या कोपऱ्यात तिचं नाव उमटलं. पूर्ण नाव, हजेरीच्या यादीवरचं.

"आत आले," ती म्हणाली. भाचीने शिक्षकांच्या खोलीत अशी आरोळी ठोकली की कुणीतरी तिला गप्प केलेलं ऐकू आलं. मग फोन बंद करावा लागला.

पडद्यावर एक बाई आली. कानाला हेडफोन, चेहरा दमलेला, पण डोळे भले वाटत होते. देखरेखवाली.

"नमस्कार. नियमाप्रमाणे मला तुमची खोली एकदा बघावी लागेल. संगणक उचलून चारी बाजूंना फिरवाल का? चालेल ना तुम्हाला?"

तीन वर्षांपूर्वी कितीतरी जण या घरात डोकावून गेले होते, वाफबाईची रात्रीची भीती चाळून गेले होते, आणि त्यातल्या एकानेही हे विचारलं नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली. "बघा की." आणि तिने संगणक उचलून सगळं दाखवलं: कपाट, ओटा, वाळत घातलेला हॉस्पिटलचा झगा, नवऱ्याचा फोटो, खुर्चीवरचं पुस्तक. पुस्तक तेवढं दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलं.

साठ प्रश्न, एक तास. पहिल्या दहांना तिला हसूच आलं, इतके सोपे होते. मधले काही पुस्तकी निघाले, ज्यांना खोलीत कुणी विचारत नाही. एका प्रश्नात तर चारही उत्तरं तिच्या मते चूक होती. तिने त्यातल्या त्यात कमी चूक ते निवडलं आणि मनातल्या मनात प्रश्न काढणाऱ्याला एक आठवडा आपल्या हाताखाली घेतलं. साठावा सोडवून झाला तेव्हा दहा मिनिटं उरली होती. ती सगळी तिने मागे जाऊन तपासण्यात घालवली. मग 'सादर करा' दाबलं. देखरेखवालीने हात हलवून निरोप घेतला.

निकाल लगेच लागणार होता. पान उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. भाची, शाळा सुटून रस्त्यावर आलेली, मागे गाड्यांचे भोंगे.

"काय झालं, मावशी?"

"लागलाय निकाल. पण दिसत नाही."

"म्हणजे?"

निकालाच्या बरोब्बर पुढ्यात एक पाटी येऊन उभी राहिली होती. तिच्या मागे पुसट अक्षरं होती. 'आपण या परीक्षेत' एवढं वाचता येत होतं आणि पुढचं झाकलेलं. पाटीवर लिहिलं होतं: आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून आम्ही आणि आमचे त्रेचाळीस भागीदार आपली माहिती वापरू इच्छितो. खाली हिरवंगार, तळहाताएवढं बटण: 'सर्व मान्य'. आणि त्याच्याही खाली, फिक्या राखाडी रंगात, बघणाऱ्याला दिसूच नये अशा बेताने: 'निवड बदला'.

"दाब गं मान्य!" भाची कळवळली. "एक बटण आहे! माझा जीव टांगणीला लागलाय इथे!"

माझा काय जमिनीवर आहे का, असं वाफबाईच्या मनात आलं. बावीस वर्षं त्या पाटीमागे होती, एका बोटाच्या अंतरावर. ही पाटी नेमकी इथेच, नेमकी आत्ताच का उभी केलीय, हेही तिला लख्ख कळत होतं. माणूस अशा वेळी काहीही मान्य करतो. नवरा आजारी असतानाही तिने असंच काहीतरी कुठेतरी मान्य केलं असणार.

तिने राखाडी अक्षरं दाबली. त्रेचाळीस नावं उघडली आणि प्रत्येकापुढे एक चालू असलेली कळ. सगळ्या एकदम बंद करायची सोय नव्हती. ती अर्थात ठेवलीच नव्हती.

"एक," वाफबाई म्हणाली, आणि पहिली कळ बंद केली. "दोन. तीन."

"मावशी, तू माणूस आहेस का कोण आहेस?"

"चार. मध्ये बोलू नकोस, मोजणी चुकेल."

भाची रस्त्याच्या कडेला उभी राहिली असावी, कारण भोंगे लांब गेले. दहापर्यंत ती कुरकुरत होती. विसाला गप्प झाली. तिसानंतर तीही बरोबर मोजायला लागली, हळू आवाजात, आधी चिडून आणि मग मनापासून. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

'निवड जतन करा'. पाटी गेली.

वाफबाईने ती ओळ वाचली. मग गुण वाचले. शंभरात अठ्ठ्याऐंशी. मग ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, एकेका शब्दावर पेन्सिलीचं टोक टेकवत. डोळे भरून आले तसा पडदा धूसर झाला, म्हणून चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

"मावशी! पास का नापास?"

"पास," ती म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "आणि त्या त्रेचाळीसजणांतल्या एकालाही पत्ता नाही. पहिली तुला सांगतेय."